नीरधारा नावाची तोटी

मुकुंदवाडी, औरंगाबाद
९ जून २०१९

सौ. नीरजा,

रागावायचं असेल तर पूर्ण वाचून मग रागाव. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढं सामसूम. म्हणून आता पत्र. पत्राला निळ्या खुणा नसतात, तेवढाच माझ्या डोक्याला ताप कमी.

आईंच्या पायाचं कसं आहे? तसं तुझा भाऊराया हिमांशू फोनवर म्हणाला की आई आता काठी टेकत देवळापर्यंत जातात. मग आठ दिवसांसाठी म्हणून माहेरी गेलेली तू अजून सोयगावात काय करतेस, हे मी विचारणार नाही. विचारलेलं नाही, नोंद घ्यावी.

पत्र धंद्याचं आहे. आपली नीरधारा तोटी जानेवारीत हातोहात गेली, बरोबर? तूच तुझ्या मैत्रिणींना, त्यांच्या जावा-नणंदांना विकलीस. बायका डझनानं मागत होत्या. मी आयुष्यभर कंपनीत क्वालिटीचं काम केलं, माल बाजारात उतरताना पाहिलाय, पण असा उठाव पाहिला नव्हता. म्हणून गोकुळला म्हटलं, साचा बंद करू नकोस, चालू दे मशीन. त्यानं चिकलठाण्याच्या शेडमध्ये पहिल्यापेक्षा तिप्पट माल काढला. आणि फेब्रुवारी उजाडल्यापासून एक तोटी खपली असेल तर शपथ! पेट्या तुझ्या पलंगाखाली आहेत, देवघराच्या बाजूला आहेत, मोरीच्या तोंडाशी आहेत. काल मी एकीला अडखळून पडलो. लागलं नाही फारसं.

मला कळत नाही, घोडं पेंड कुठं खातंय. तोटी काय वाईट आहे? नळाच्या तोंडावर चढवायची, बारीक धारांनी पाणी पडतं, हात धुवायला तिसरा हिस्सा पाणी लागतं. गावात दुष्काळ. नळ आठव्या दिवशी. टँकरमागं लोक पळतात. अशात पाणी वाचवणारी वस्तू खपणार नाही तर कधी खपणार? पूर आल्यावर?

आता राहता राहिला त्या दिवसाचा विषय. तोही मिटवून टाकू. जालन्याचा व्यापारी माल बघायला आला होता आणि नेमके त्याच वेळी नळ आले. मी त्याला दाखवायला म्हणून अंगणातल्या नळाला तोटी चढवली. तुझं पाण्याचं टिपाड खाली लावलेलं होतं. त्याचा चहा होईस्तोवर पाणी गेलं, आणि टिपाडात वीतभरच साठलं. चुकलं असेल माझं. पण तू टिपाडाकडं बघत उभी राहिलीस, एक शब्द बोलली नाहीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेलीस. टिपाड भरलं नाही म्हणून कोणी माहेरी जातं का? माणूस सरळ भांडतो!

असो. बायका तोटी का घेत नाहीत ते दोन ओळींत कळव. पत्रात मावणार नाही असं वाटलं तर समक्ष येऊन सांग. माझी हरकत नाही.

श्रीरंग


मुकुंदवाडी
२८ जुलै २०१९

सौ. नीरजा,

उत्तर नाही. ठीक आहे. मी माझा तपास मीच करतोय.

आधी शहागंजात गेलो. त्या भांड्यांच्या दुकानात आपण माल ठेवला होता ना? चाचा म्हणाले, "साब, माल अच्छा है, मगर लोगां देखते, घुमाते, और रख देते." का ठेवतात, विचारलं. म्हणाले, "वो तो अल्ला जाने." मग मला वाटलं, रंगात माशी शिंकली. गोकुळकडून थोडा माल गुलाबी काढला. लोकांनी गुलाबीही घुमवून ठेवला.

मग गोकुळच एक दिवस कावला. त्याचा स्वभाव तुला माहीत आहे, गंगापूरकडचा, तोंडावर बोलणारा. "साहेब, लई झालं आता. माझी मंडळी काय म्हणती ऐका. नळ येतो आठ दिवसांनी, ते बी पाऊण तास. तवा बाईला धार मोठी लागती का बारीक?"

मी म्हटलं, अरे, पाणी भरताना काढून ठेवायची आणि मग लावायची!

"मग? मग नळाला पाणी असतंय व्हय?"

नीरजा, मी तिथं शेडमध्ये उभा होतो आणि मला घामच फुटला. खरंच की. बाकीचे सगळे दिवस नळ कोरडाच असतो. पाणी आपण टिपाडातून तांब्यानं घेतो. तांब्याला कुठं तोटी लावणार?

पण मी हार मानली नाही. म्हटलं, ज्यांच्या गच्चीवर टाक्या आहेत, त्यांच्या नळाला तर चोवीस तास पाणी असतं. बीड बायपासकडं त्या नव्या इमारती झाल्यात, तिकडं गेलो. लिफ्टनं वर, दार वाजवायचं, तोटी दाखवायची. या वयात! एका बाईनं फार सभ्यपणे सांगितलं, "काका, आमच्याकडं टँकर येतो. आम्हाला पाण्याचा प्रॉब्लेम नाही." म्हणजे बघ, ज्याच्याकडं पाणी आहे त्याला वाचवायचं नाही, आणि ज्याला वाचवायचंय त्याच्या नळाला पाणी नाही. मग ही तोटी मी बनवली कुणासाठी?

इथवर कळलं असतं तर मी गप्प बसलो असतो, अक्कलखाती जमा म्हणून. पण मग जानेवारीचं काय? जानेवारीतही नळ आठवड्यानंच येत होते. तेव्हा तुझ्या मैत्रिणी डझनानं तोट्या कशाला घेत होत्या? एका घरात डझनभर नळ असतात का? माझं डोकं चालेनासं झालंय. कालच्या डाळीला मी मीठ घातलं नाही आणि आजच्या डाळीला दोनदा घातलं.

आणि हो, पाण्याच्या दिवशी घराबाहेर पडता येत नाही, ही एक नवीनच भानगड मला कळली. नळ पहाटे येणार की दुपारी, कुणीच सांगत नाही. बसून राहावं लागतं. परवा आपल्या लेकीच्या, स्वरदाच्या सासरची मंडळी पुण्याहून आली होती, त्यांना भेटायला हॉटेलात जायचं होतं, पण गेलो नाही. टिपाड घासून ठेवलं होतं ना. वाकून टिपाड घासलं की खांदा धरतो. तुझाही धरायचा का? तू कधी बोलली नाहीस.

श्रीरंग


मुकुंदवाडी
२२ सप्टेंबर २०१९

नीरजा,

जायकवाडी भरलं, वाचलं असशील. आपल्याकडं पाऊस तसा बेताचाच, पण वरून नाशिककडून पाणी आलं आणि धरण भरलं. लोक गाड्या काढून दरवाजे बघायला पैठणला गेले. आणि आपल्या गल्लीत नळ? आठव्या दिवशी! मी पाण्याच्या ऑफिसात जाऊन विचारलं की धरण भरलं तर नळ का नाही. ते म्हणाले, पाइप जुनी आहे. दुष्काळात पाणी नाही म्हणून नळ नाही, आणि पाणी आलं तर पाइप नाही म्हणून नळ नाही. या गावात कुठल्याच गोष्टीचं कारण एका जागी थांबत नाही.

हिमांशू कोर्टाच्या कामाला आला होता. जेवायला थांबवून घेतलं. माझ्या हातचं जेवला बिचारा. मी त्याला सरळ विचारलं, "तुझी ताई कधी येणार?" तर माझ्याकडं न बघता म्हणाला, "दाजी, ताईला तिथं बरं वाटतंय."

बरं वाटतंय म्हणजे काय? इथं वाईट वाटत होतं? सत्तावीस वर्षं वाईट वाटत होतं का शेवटचं एक? मला एकदा सांग तरी. मी काही राक्षस नाही. दारू नाही, जुगार नाही, बाहेरची भानगड नाही. केली ती एक प्लॅस्टिकची तोटी केली, आणि तिचं नावही तुझ्या नावावरून ठेवलं. तेव्हा तू म्हणालीस, "माझं नाव लोकांच्या मोरीत कशाला?" मी हसलो होतो. ते लागलं होतं का तुला?

आणखी एक. हिमांशू जाता जाता बोलून गेला की तू जाताना तोट्यांची एक पेटी बरोबर नेलीस. खरं का? कशाला? बॅगेत साड्या कमी आणि तोट्या जास्त, असं म्हणाला. मला हसावं की रडावं कळेना. जी वस्तू तुला डोळ्यांसमोर नको झाली होती, ती तू माहेरी घेऊन गेलीस. आणि ज्यानं ती बनवली, त्याला इथं ठेवून गेलीस.

हे शेवटचं वाक्य खोडणार होतो. राहू दे.

श्रीरंग


मुकुंदवाडी
२४ जानेवारी २०२०

नीरजा,

कळलं! सगळं कळलं. आणि कळल्यावर मी आधीपेक्षा जास्त गोंधळलोय, एवढंच.

काल संध्याकाळी शेजारच्या सत्यभामावहिनी दारात आल्या. त्यांच्याकडं हळदीकुंकू होतं. म्हणाल्या, "नीरजाताई नाहीत, पण त्यांचं वाण घरात येऊ द्या, भाऊजी." तिळगूळ दिला, कागदी पिशवी दिली आणि गेल्या. मी पिशवी उघडली. आत आपली तोटी. नीरधारा! निळी, पाकिटाची पिन तशीच. पाकिटावर कालचं ओलं कुंकू आणि त्याच्या खाली वाळून काळपटलेलं जुनं कुंकू.

मी तसाच चपला न घालता वहिनींच्या दारात. "वहिनी, ही तुम्ही कुठून घेतली?"

त्या लाजल्या. "अगंबाई! तुमच्याच घरची आली वाटतं फिरून? कुणाला सांगू नका हं. मला गेल्या साली जोश्यांकडं मिळाली होती."

"मग वापरली का नाही?"

"वाणाची वस्तू कुणी वापरतं का भाऊजी? कपाटात ठेवायची आणि पुढच्या साली काढायची. ही बरी पडली, नाही का? लहान, फुटत नाही, आणि पाणी वाचवा, असं चांगलं काहीतरी लिहिलेलं. नाही तर त्या प्लॅस्टिकच्या वाट्या देऊन देऊन कंटाळा आला होता."

मी तिथंच पायरीवर बसलो. त्यांनी घाबरून पाणी आणून दिलं. तांब्यातून.

म्हणजे माझी जानेवारी ही अशी होती. एकीनं डझन घेऊन बाराजणींना दिल्या, त्या बाराजणींनी कपाटात ठेवल्या. सगळं गाव एकमेकींच्या ओटीत माझी तोटी टाकत होतं आणि कुणी ती नळाला लावत नव्हतं. आणि मी इकडं गोकुळला सांगतोय, मशीन बंद करू नकोस!

तुला माहीत होतं. नक्की माहीत होतं, कारण तूच तर त्यांना विकल्यास. मग मला का सांगितलं नाहीस? मी फसत होतो आणि तू बघत बसलीस? एवढा राग आला काल की हे पत्र तेव्हाच लिहिलं असतं तर तू फाडून टाकलं असतंस.

सकाळी उठलो आणि आठवलं. तू म्हणाली होतीस. पोहे करत होतीस, मी पुढच्या मालाचं बोलत होतो. तू म्हणालीस, "संक्रांत सरू द्या, मग काय मागणी राहते ते बघा." मला वाटलं, हिला सगळीकडं सणवारच दिसतात. मी तेव्हा पेपर वाचत होतो बहुतेक.

पण दुसऱ्यांदा का नाही म्हणालीस? एकदा म्हटलेलं मी कधी ऐकलंय?

श्रीरंग


सोयगाव
६ फेब्रुवारी २०२०

ती. अहो,

तुमची चारही पत्रं मिळाली. आईलाही वाचून दाखवली, काही जागा गाळून. डाळीची जागा तिनं दोनदा वाचायला लावली.

दुसऱ्यांदा म्हणाले होते. तिसऱ्यांदाही. ते जाऊ द्या.

पेटी मी रागात आणली. म्हटलं, घरातली एक तरी पेटी कमी होऊ दे. इथं आल्यावर ती पडवीत पडून होती. बाजारात द्वारकाबाई म्हणून आहेत, मेथी-कोथिंबीर, पालक विकतात. गेल्या उन्हाळ्यात भाजी तासाभरात माना टाकायची आणि शिंपडायला त्यांच्याकडं पाण्याची एकच बाटली. हातानं शिंपडलं की अर्धं पाणी मातीत. मी सहज त्यांना म्हटलं, ही लावून बघा. तोटीचं रबर गरम पाण्यात धरलं की बाटलीच्या तोंडावर चढतं. बाटली दाबली की बारीक फवारा. त्यांना एका बाटलीत दिवस निघाला. त्या म्हणाल्या, "बाई, हे लई बेस हाय. आनखी हायत का?"

फुकट दिल्या नाहीत. फुकटची वस्तू कपाटात जाते, हे मला तुमच्याआधी कळलं होतं. विकल्या. आता बाजारात भाजीवाल्या बहुतेक जणींकडं निळी तोटी आहे. भोकं चिकटली, रबर फाटलं की दुसरी मागायला घरी येतात. शेंदुर्णीच्या बाजारातूनही एक जण येऊन गेली.

आता टिपाडाचं. तुम्हाला वाटतं मी टिपाडासाठी आले. टिपाडं मी याआधीही रिकामी पाहिली आहेत. नळ आले तरी मी तुम्हाला तोटी काढा म्हणाले नाही, पाहुण्यासमोर तुमचा पाणउतारा नको म्हणून. पाणी गेलं. मी येऊन टिपाडात पाहिलं. तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभे राहून त्या जालन्याच्या माणसाला म्हणालात, "बघा, किती पाणी वाचलं!"

मला आधी हसू आलं. स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात धरून हसले. मग ते हसू थांबेना आणि त्याचं रडू कधी झालं कळलं नाही. मनात आलं, एवढी वर्षं हा माणूस माझ्याच घरात राहिला की दुसऱ्या कुठल्या? पुढचे आठ दिवस मी कशानं स्वयंपाक करणार होते, हे तुमच्या मनातसुद्धा आलं नाही हो.

एवढंच. भांडायचं नव्हतं, म्हणून आले.

तोट्या संपल्या. दोन पेट्या एसटीच्या पार्सलनं पाठवा. निळ्याच. गुलाबी इथं कुणी घेणार नाही, भाजीवर निळी उठून दिसते.

नीरजा


मुकुंदवाडी
१० फेब्रुवारी २०२०

नीरजा,

तुझं पत्र आलं. दारातच उभ्यानं वाचलं, मग खुर्चीत बसून, मग पुन्हा उठून.

तोटी खपते आहे! लोक विकत घेताहेत, वापरताहेत आणि परत मागायला येताहेत. कंपनीत आम्ही म्हणायचो, दुसऱ्यांदा मागितला तोच माल खरा. या एका बातमीसाठी मी वर्षभर मरत होतो. गोकुळला सांगितलं तर तो शेडमध्ये नाचायचाच राहिला. मला म्हणाला, "साहेब, पेढे!" आणि मी बावळटासारखा बघत राहिलो. आनंद होतोय का, ते चाचपून बघत होतो. सापडला नाही.

आणि तुला खरं सांगू, मला तुझंही पटलेलं नाही. बाटलीच्या झाकणाला दाभणानं भोकं पाडली तरी फवारा उडतो की! मग त्या विकत का घेतात? नळाला लावायला बनवली, नळाला कुणी लावली नाही. बाटलीचा विचार माझ्या सात पिढ्यांनी केला नव्हता, तर बाटलीवर चालली. मी क्वालिटीतला माणूस. मला कारण लागतं. आता मला कशाचंच कारण कळत नाही आणि हळूहळू त्याची सवय व्हायला लागली आहे.

फक्त एका गोष्टीचं कारण कळलं. "बघा, किती पाणी वाचलं." मी असं म्हणालो होतो, हे मला आठवतच नव्हतं. आता मात्र रोज आठवतं. टिपाडावर वाकलो की कानात वाजतं आणि लाज वाटते. दुसरा कुणी असं बोलला असता तर मीच त्याला गाढव म्हटलं असतं.

पण तुझ्या पत्रात मी एक ओळ शोधत होतो, ती कुठंच नाही. तोट्या पाठवा म्हटलंस. निळ्या म्हटलंस. पार्सलनं म्हटलंस. घरी येते की येत नाही, हे लिहिलंच नाहीस. मी पाकीट उलटं करून झटकून पाहिलं.

म्हणून मी पार्सल करणार नाही. मला तुझ्याशिवाय राहता येत नाही, नीरजा. तोटीचं काय झालं, बायका का घेतात, का घेत नाहीत, हे सगळं मी तुला पत्रं लिहायला मिळावं म्हणून विचारत होतो. उद्या इथं नळ येतील. टिपाड भरून, झाकून ठेवतो, म्हणजे तू आलीस तर आल्या आल्या धावपळ नको. आणि हे पत्र तुला पोचेल अशा बेतानं, शनिवारी सकाळच्या एसटीनं दोन्ही पेट्या घेऊन मीच येतो.

तुला यायचं नसेल तर ओढून नेणार नाही. तिथंच राहीन थोडे दिवस. तू म्हणशील तिथं बसून रबर गरम पाण्यात धरून देईन, तेवढं मला जमेल. आईंनी जेवायला वाढलं तर वाढलं.

गाडी दुपारी पोचते. तू स्टँडवर आलीस तर मी समजेन. नाही आलीस, तर पेट्या कुठं उतरवायच्या, तेवढं हिमांशूला सांगून ठेव.

श्रीरंग